जुन्या संगणक-यंत्रांचा जीर्णोद्धार : एक चिकित्सा

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मंडळींत गेल्या तीस-चाळीस वर्षांत एका नव्या वर्गाची भर पडली आहे. हा वर्ग नाणीं, ताम्रपट किंवा पोथ्या जमवीत नसून कालबाह्य झालेलीं संगणक-यंत्रें जमवितो, तीं दुरुस्त करितो, व शक्य तर पुन्हां चालू करून दाखवितो. इंग्लंडांत या कामासाठीं १९८९ सालीं 'कॉम्प्यूटर कॉन्झर्व्हेशन सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. आणि स्वतःच्या घरीं, स्वतःच्या खर्चानें हाच उद्योग करणारे हौशी लोक युरोप-अमेरिकेंत पुष्कळ आहेत. ज्यास शंभर वर्षेंहि झालीं नाहींत असें साहित्य इतिहाससंशोधकाच्या कक्षेंत कशास आणावें, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु साधनाचें मोल त्याच्या वयावर नसून, तें एकदां गेलें असतां पुन्हां मिळेल कीं नाहीं यावर ठरतें. या दृष्टीनें पाहतां शिवकालीन कागदापेक्षां १९८५ च्या सुमाराचें यंत्र अधिक नाजूक आहे.

या मंडळींच्या परिश्रमाविषयीं पूर्ण आदर बाळगून येथें एक आक्षेप मांडावयाचा आहे. जतन, दुरुस्ती व पुनर्रचना या तीन भिन्न क्रिया होत. व्यवहारांत मात्र तिन्हींस जीर्णोद्धार हें एकच नांव देण्यांत येतें, आणि यंत्र चालू झालें म्हणजे जीर्णोद्धार सफल झाला असें समजण्यांत येतें. जीर्णोद्धार या शब्दाचा आपल्याकडील अनुभव काय आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शिलालेखावर चढलेला चुना व वीरगळास फासलेला तैलरंग पाहून कोणाचा जीव हळहळला नाहीं? तेथेंहि देऊळ पुन्हां चालू झालेलेंच असतें!

प्रथम हीं यंत्रें नासतात कशीं तें पाहूं. कागदास ओल व वाळवी बाहेरून लागते; यंत्राचा शत्रु बहुधा त्याच्या पोटांतच असतो. 'अमिगा' जातीच्या कित्येक यंत्रांत घड्याळ चालू राहावें म्हणून निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी मुख्य फलकावरच डाख देऊन बसविलेली असे. कालांतरानें ती पाझरते, व तिच्यांतील क्षार फलकावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. १९९० च्या मागेंपुढें निघालेल्या 'मॅकिन्टॉश' यंत्रांत विद्युत्संचय करणारे कपॅसिटर पाझरून तोच अनर्थ करितात. 'बी. बी. सी. मायक्रो' या १९८१ च्या यंत्रांत वीज पुरविणाऱ्या भागांतील कागदी कपॅसिटरांस तडे जाऊन ते दमट होतात, आणि पुष्कळ वर्षांनीं यंत्र चालू करतांच धूर निघतो. ज्या चिपांत आज्ञावली विद्युद्भाराच्या रूपानें कोरलेली असते, त्यांतील भार कांहीं दशकांनीं ओसरूं लागतो, आणि शाई उडावी तशी आज्ञावली उडून जाते. तेव्हां पाझरणारी बॅटरी काढणें, कुजका कपॅसिटर बदलणें व चिपांतील आज्ञावली वेळींच उतरून घेणें यांस कोणाचाहि विरोध असूं नये. पोथींतील कसर झाडण्यासारखेंच तें आहे.

परंतु याच मंडळींत २००८ पासून जो दुसरा एक प्रघात रूढ झाला आहे, तो या कोटींतला नव्हे. जुन्या यंत्रांचें प्लॅस्टिकचें कवच पिवळें पडतें. प्लॅस्टिकास आग लागूं नये म्हणून त्यांत मिसळलेलीं ब्रोमीनयुक्त द्रव्यें व प्रकाश यांकडे त्याचें कारण सामान्यतः लावण्यांत येतें. हा पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन व अतिनील प्रकाशांत ठेवून घालवितां येतो. यंत्र नव्यासारखें दिसूं लागतें व धन्यास समाधान होतें. पण पिवळेपणा हा केवळ मळ नसून साक्षीदार आहे. यंत्र खिडकीच्या कोणत्या बाजूस होतें, त्यावर कोणती चिठ्ठी डकविलेली होती, हें त्या छटेवरून कळतें; कवचाचे दोन भाग भिन्न छटेचे असले तर एक मागाहून बसविला असावा, अशा संशयास जागा मिळते. एकाच बाडांत दोन प्रकारची शाई आढळली म्हणजे आपण जो तर्क करितों तोच हा. अशा बाडाचीं सर्व पानें धुऊन सारखीं करणाऱ्यास आपण संग्राहक म्हणूं काय? शिवाय पेरॉक्साइडनें गेलेला पिवळेपणा पुष्कळदां परत येतो. म्हणजे पुरावा जातो तो जातोच, आणि शोभाहि टिकत नाहीं.

आतां मोठ्या यंत्रांकडे वळूं. दुरुस्ती कशी असावी याचा उत्तम दाखला म्हणजे इंग्लंडांतील हार्वेल येथील डेकाट्रॉन यंत्र. हें यंत्र १९५१ सालीं हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रांत चालूं लागलें. ८२८ डेकाट्रॉन नलिका, ४८० रिले व अडीच टन वजन असा त्याचा पसारा आहे. १९५७ सालीं तें वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रविद्यालयास विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं मिळालें. १९७३ सालीं तेथून निघून बर्मिंगहॅमच्या वस्तुसंग्रहालयांत गेलें. आणि १९९७ सालीं तें संग्रहालय बंद झाल्यावर कोठारांत पडून राहिलें. पुढें एका छायाचित्रावरून त्याचा ठाव लागला, २००९ सालीं तें ब्लेच्ली पार्क येथील राष्ट्रीय संगणक-संग्रहालयांत आणण्यांत आलें, व निर्मितीनंतर एकसष्ट वर्षांनीं, म्हणजे २० नोव्हेंबर २०१२ रोजीं, बहुतेक मूळ भाग कायम ठेवून पुन्हां चालू झालें. हातोहात फिरलेली, पण पानें न गळालेली पोथी मिळावी तसें हें आहे.

याच आवारांतील 'कोलॉसस' यंत्राची कथा अगदीं निराळी. टॉमी फ्लॉवर्स यांनीं दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामीं हें यंत्र सिद्ध केलें. पहिलें १९४४ च्या आरंभीं ब्लेच्लीस आलें, व युद्धाच्या अखेरीस तशीं दहा यंत्रें चालू होतीं. युद्ध संपतांच गुप्ततेस्तव त्यांपैकीं बहुतेक मोडण्यांत आलीं, आणि वरिष्ठांच्या हुकमावरून फ्लॉवर्स यांनीं आपले नकाशे जाळून टाकिले. टोनी सेल यांनीं १९९३ सालीं पुनर्रचनेस हात घातला तेव्हां त्यांजपाशीं १९४५ मधील आठ छायाचित्रें व कांहीं जुन्या अभियंत्यांनीं नियम मोडून जवळ ठेविलेले आकृत्यांचे तुकडे, एवढींच मुख्य साधनें होतीं. १९९६ सालीं यंत्र चालूं लागलें व २००७ सालीं तें पूर्ण झालें. हा पराक्रम असामान्य आहे, आणि आपण कशावर विसंबून काम केलें हें सेल यांनीं स्वतः सांगून ठेविलें आहे. तरी पण हें मूळ यंत्र नव्हे. त्रुटित अवशेषांवरून सिद्ध केलेली ती संहिता आहे. प्रेक्षक जेव्हां दोन्ही यंत्रांकडे सारख्याच भावानें पाहतो, तेव्हां अस्सल व नक्कल यांतील भेद त्यास कोणी शिकविला नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

तर्कास पुराव्याची गांठ कशी पडते हें आणखी दोन उदाहरणांवरून दिसेल. मँचेस्टरच्या 'बेबी' यंत्रानें २१ जून १९४८ रोजीं साठविलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखविली. त्याची प्रतिकृति १९९८ सालीं पन्नासाव्या वाढदिवसास सिद्ध झाली. परंतु ती पहिली आज्ञावली मूळ रूपांत उरलीच नव्हती. जेफ टूटिल यांच्या वहींत जुलै १९४८ मधील सुधारलेला पाठ तेवढा होता. त्यावरून मागें जाऊन मूळ पाठ कर्त्यांच्या साहाय्यानें अनुमानावा लागला. दुसरें उदाहरण केंब्रिजच्या १९४९ मधील 'एड्सॅक' यंत्राचें. त्याची पुनर्रचना चालू असतांच २०१४ सालीं एकोणीस मूळ आकृत्या उजेडांत आल्या. पुनर्रचनाकारांचा तर्क मुख्यतः बरोबर होता असें ठरलें, आणि कांहीं गोष्टी नव्यानें कळल्या. आपला तर्क कोणता व पुरावा कोणता हें ज्यानें आधींच निराळें लिहून ठेविलें असेल, त्यालाच असा कागद उपयोगी पडतो. इतरांस तो केवळ अडचणीचा वाटतो.

यावर हौशी मंडळींचें उत्तर ठरलेलें आहे. तीं म्हणतात, न चालणारें यंत्र म्हणजे प्रेत. पोथी वाचल्यावांचून जशी व्यर्थ, तसें यंत्र चालविल्यावांचून व्यर्थ. या म्हणण्यांत तथ्य आहे. डेकाट्रॉन नलिकांतील दिवे अंक मोजतांना कसे फिरतात, रिले कोणत्या क्रमानें वाजतात, गुणाकारास किती सेकंद लागतात, हें आकृतीवरून कळत नाहीं. आणि ज्या अभियंत्यांस हें हस्तगत होतें ते एकेक करून निघून जात आहेत. म्हणून यंत्र चालवूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. चालविण्यासाठीं जें बदललें त्याची नोंद झाली पाहिजे व काढलेला भाग जपून ठेविला पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे.

बाजारभावामुळें ही गरज अधिकच तीव्र झाली आहे. १९७६ सालीं निघालेलीं 'ॲपल-१' यंत्रें सुमारें दोनशेंच. मूळ किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. २०१४ सालीं त्यांतील एक लिलावांत ९ लाख ५ हजार डॉलरांस गेलें. त्याच्या फलकाच्या हुबेहूब नकला आज हौशी लोक उघडपणें व निर्मळ हेतूनें करितात. परंतु नकलेवर जुन्या काळचे खरे भाग बसविले तर कांहीं वर्षांनीं ती ओळखावी कशी? बनावट सनदांशीं ज्यांस झगडावें लागलें आहे त्यांनीं या प्रश्नास क्षुल्लक समजूं नये.

यंत्र राहिलें व वाचन गेलें, किंवा मजकूर राहिला व यंत्र गेलें, तर काय होतें याचें उदाहरणहि इंग्लंडांतच आहे. १०८६ च्या 'डोम्सडे' या जमाबंदीच्या ग्रंथास नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी. बी. सी. नें देशाची नवी पाहणी करून ती लेसर-तबकड्यांवर साठविली. सोळा वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं. २००२ सालीं जुन्या यंत्राचें सोंग वठविणारी नवी आज्ञावली रचून तो मजकूर वाचावा लागला. १०८६ चें चर्मपत्र मात्र आजहि डोळ्यांनीं वाचतां येतें. अशी सोंग वठविणारी आज्ञावली म्हणजे मोडी कागदाचें बाळबोध लिप्यंतर होय: अत्यंत उपयुक्त, परंतु मूळ कागद फेकून देण्याचा परवाना नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार होऊन १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या यंत्रास १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध केलें. या मोठ्या यंत्रांचा इतिहास कोणी तरी लिहील. पण त्याहून निकडीची गोष्ट आपल्या कपाटांत आहे. १९८५ नंतरच्या वीस वर्षांत मराठी मजकूर निरनिराळ्या संकेतांत टंकलिखित झाला: कांहीं 'जिस्ट' कार्ड बसविलेल्या यंत्रांवर, कांहीं १९९१ च्या 'इस्की' प्रमाणांत, आणि फार मोठा भाग ज्याच्या त्याच्या खासगी अक्षरसंचांत. तो अक्षरसंच नसला तर आज पडद्यावर रोमी अक्षरांची व चिन्हांची गिचमिड तेवढी उमटते. मोडी वाचणारा शोधून सांपडतो, कारण कागद समोर असतो. येथें फ्लॉपी, ती वाचणारें यंत्र, आज्ञावली व अक्षरसंच या चार गोष्टी एकत्र आल्यावांचून एक ओळहि उमटत नाहीं. ज्या संग्राहकांनीं दप्तरखान्यांतील रुमाल वांचविले, त्यांनीं कोणा संपादकाच्या किंवा मुद्रकाच्या घरचें जुनें यंत्र भंगारांत जातांना पाहून स्वस्थ बसूं नये.

महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तींत संदिग्ध पाठाखालीं नागमोडी रेघ देण्याची पद्धति आहे. पाठ स्वीकारला आहे, पण निश्चय नाहीं, हें ती रेघ वाचकास सांगते. जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करणाऱ्यानें आपल्या कामाखालीं अशीच रेघ ओढावी: हा भाग मूळचा, हा बदललेला, हा केवळ तर्कानें बसविलेला. अशी यादी यंत्राबरोबर राहिली तर तें बंद पडलें तरी साधन म्हणून उरेल. यादी नसली तर आज तें कितीहि झकास चालत असो, पुढील संशोधकास त्याची साक्ष घेतां येणार नाहीं.