रिमोट कुणाच्या हाती?

कार्दाशियन मंडळींचा हुलूवरचा कार्यक्रम मी गेल्या महिन्यात नेटानं पाहिला. घर केवढं, पण त्यात दूध उतू जात नाही, किल्ली हरवत नाही, कुणाच्या ताटाखाली पाणी सांडत नाही. प्लास्टिकच्या पारदर्शक वाडग्यांतली सॅलडं हलवत बहिणी भांडतात, तेव्हाही मेकअप जागच्या जागी असतो. वैतागून मी जुनं ‘द ऑसबोर्न्स’ काढलं आणि दहा मिनिटांत खो खो हसत होतो.

मार्च २००२. ब्लॅक सॅबथचा ओझी, स्टेजवर वटवाघळाचं मुंडकं चावून जगभर बदनाम झालेला बाप्या, बेव्हरली हिल्सच्या घरात रिमोटशी झुंजतोय आणि हवामानाच्या वाहिनीतून काही केल्या बाहेर पडता येत नाही. कुत्री गालिच्यावर घाण करून ठेवतात, त्यांच्यासाठी खास थेरपिस्ट येते, घाण मात्र तिथेच. रात्री शेजाऱ्यांनी गोंगाट केला म्हणून त्याची बायको शॅरन कुंपणावरून डुकराच्या मांसाचा अख्खा गोळा त्यांच्याकडे भिरकावते. त्याच्या गाण्याच्या कार्यक्रमात स्टेजवर साबणाचे फुगे सोडायचं ठरतं, तेव्हा अंधाराच्या या सम्राटाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्याच्या बर्मिंगहॅमी पुटपुटण्यातलं अर्धं कळत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर एमटीव्हीचं ‘बीप’ वाजतं. तरी सगळं समजतं. पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण कुणी इतक्या इमानानं चित्रित केलेली मी पाहिली नाही. बाहेर हजारो माणसं ज्याच्या नावानं किंचाळतात, त्याला घरात चार हाका मारल्याशिवाय कुणी ओ देत नाही.

आणि मग त्याच वर्षी शॅरनला कॅन्सर निघाला. कॅमेरे घरातच होते. दुसऱ्या सीझनमध्ये तीच खोली, तीच कुत्री, पण ओझीचं गोंधळणं आता विनोदी उरत नाही. सूर असा बदलणं पटकथा लिहून जमत नाही.

बाकीच्यांचं काय सांगायचं? १९७३ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे आलेलं लाउड कुटुंब अभ्यासक्रमापुरतं ठेवू. जीन सिमन्स आणि हल्क होगन यांची घरं म्हणजे ऑसबोर्न्सच्या झेरॉक्स प्रती. नेटफ्लिक्सच्या बॉलीवूड बायका म्हणजे पार्टीला जाण्याआधीची पार्टी. त्यापेक्षा २००४ मध्ये सुरू झालेलं आपलं ‘होम मिनिस्टर’ बरं. त्या घरांत सेलिब्रिटी असलेच तर एकटे बांदेकर भावोजी. पण खेळात जिंकलेल्या सुनेकडे सासू जी एक नजर टाकायची, तिच्यापुढे पैठणी फिकी पडायची.

अशा कार्यक्रमांच्या प्रेक्षकाला आपण फार स्वस्तात हिणवतो. म्हणे त्याला परक्याच्या घरात डोकावायचं असतं. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत हे पाहणाऱ्या बाईला विचारा. रिमोट चालवता न येणारा नवरा तिच्याही घरात आहे. ओझीला पाहून तिला हायसं वाटतं, त्यात हेव्याचा लवलेश नाही.

कार्दाशियनांनी नेमकं हेच हायसं वाटणं बाजारातून उठवलं. त्यांचा पहिला कार्यक्रम २००७ ते २०२१, वीस सीझन चालला. पडद्यावर बाहेरून दिसणारी हवेली वर्षानुवर्षं त्यांच्या मालकीचीही नव्हती, दुसऱ्याच कुणाच्या घराचं ते चित्रण. हुलूवर तर आई आणि पाचही बहिणी स्वतःच कार्यकारी निर्मात्या. रिमोट आता घरमालकिणीच्या हातात, आणि तिला नको असलेली वाहिनी लागतच नाही. आपली फजिती स्वतःच मंजूर करायची असेल, तर ती फजिती कसली? तो दुकानाचा दर्शनी भाग झाला.

तुम्ही म्हणाल, मग संकलनाचा हक्क कुटुंबाला नसावा, म्हणजे झालं. मीही परवापर्यंत हेच म्हणत होतो. पण ‘द ऑसबोर्न्स’ पुन्हा पाहताना मला खटकत राहिली ती सोफ्यावरची दोन मुलं. जॅक आणि केली कॅमेरे आले तेव्हा कोवळ्या वयाचे होते. जॅक सतराव्या वर्षी, २००३ मध्ये, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. दोष एकट्या कार्यक्रमाचा, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हसण्यातला काही हिस्सा त्या मुलांच्या वाट्याचा होता, आणि त्याला परवानगी देण्याचं कायद्यानं त्यांचं वयही नव्हतं. प्रौढ माणसानं आपला मूर्खपणा खुशाल विकावा, पोराचा विकायचा अधिकार आईबापांना कुणी दिला? कुटुंबानं लगाम धरला तर जाहिरात होते, सोडला तर पोरं भरडली जातात. तिसरी वाट मला दिसत नाही. म्हणून ज्या घरात अठराच्या आतलं मूल आहे, त्या घरात हे कॅमेरे जाऊच नयेत. त्यापायी ‘द ऑसबोर्न्स’सारखी चीज पुन्हा घडणार नसेल, तर न घडो.

या मालिकेची खरी समीक्षा थोरल्या मुलीनं, एमीनं, तेव्हाच लिहून ठेवली होती. तिनं चित्रणाला नकार दिला आणि घर सोडलं. जुलै २०२५ मध्ये ओझी गेला. बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून त्याची शवपेटी निघाली, तेव्हा आई आणि भावंडांबरोबर एमीही फुलांपाशी उभी होती.