अंधारातला घट: काँगो खोऱ्याचा पाऊस आणि अनुपलब्धी

आज समीक्षेसाठी मी ग्रंथ घेतलेला नाही, एक नकाशा घेतला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं पावसाच्या नकाशात नाक का खुपसावं, असं काहींना वाटेल. पण या नकाशात आपल्या प्रमाणशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो नीट सोडवला नाही तर काय होतं, तेही आज बघायचं आहे.

नकाशा आहे काँगो नदीच्या खोऱ्याचा. हे खोरं सुमारे 37 लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या अख्ख्या देशाहून मोठं. पाण्याच्या हिशेबात ॲमेझॉनच्या खालोखाल हीच नदी. एवढ्या प्रदेशात पाऊस मोजणारी केंद्रं मात्र फार थोडी, आणि 1960 नंतर, बेल्जियमची सत्ता गेल्यावर, त्यातलीही बरीचशी बंद पडत गेली. तुलनेसाठी सांगतो. पुण्यात बसून हवामान खात्यानं भारताच्या पावसाची जी चौकटवार नोंद तयार केली, तिच्यासाठी 6955 केंद्रांचे आकडे वापरले आहेत.

आता गंमत बघा. जगाच्या पावसाचा एक प्रसिद्ध आकडेसंच इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात तयार होतो. जमिनीचे अर्ध्या अंशाचे चौकोन पाडायचे आणि 1901 पासून प्रत्येक महिन्याचा पाऊस प्रत्येक चौकोनात लिहायचा. काँगोचं खोरं उघडलंत तर एकही चौकोन रिकामा नाही! मग केंद्र नाही तिथे आकडा आला कुठून? आजूबाजूच्या केंद्रांवरून अंदाज केला जातो. आणि 450 किलोमीटरच्या आत एकही केंद्र चालू नसेल, तर त्या जागेची 1961 ते 1990 ची सरासरी तिथे भरली जाते.

मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत, म्हणून मला हे असं दिसतं: परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याचे जुने सरासरी मार्क लिहून टाकायचे. निकालपत्रक भरलेलं दिसतं. पण पुढे कुणी त्यावरून आलेख काढला आणि म्हणाला, ‘या मुलाची प्रगती नाही, अधोगतीही नाही, अगदी स्थिर आहे,’ तर त्याला आपण काय म्हणू? काँगोच्या मध्यभागी पाऊस बदलला नाही, असं वाक्य या आकड्यांवरून सहज लिहिता येतं. त्यातला ‘बदलला नाही’ हा भाग पावसाबद्दल नसतो, तो नोंदवहीबद्दल असतो.

आकडे बनवणाऱ्यांवर मी अप्रामाणिकपणाचा आरोप करत नाही. कोणत्या चौकोनात किती केंद्रांचा आधार आहे, हे ते वेगळ्या फाइलमध्ये देतात. माझी तक्रार वाचणाऱ्यांबद्दल आहे. नकाशा सगळे उघडतात, ती फाइल क्वचित कुणी उघडतो.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे सहावं प्रमाण मानलं आहे. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे ज्ञान होतं. नैयायिक हे वेगळं प्रमाण मानायला तयार नव्हते, तो वाद आज सोडून देऊ. महत्त्वाची आहे ती अट. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, योग्यानुपलब्धी लागते. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाही. काँगोच्या नकाशाला हीच अट लावा. पाऊस बदलला असता, तर तो बदल पकडणारं काही तिथे होतं का? बहुतेक चौकोनांचं उत्तर ‘नव्हतं’ असंच आहे.

‘सर, हल्ली उपग्रह आहेत ना?’ असं विचारलं जातं. आहेत, आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. पण उपग्रह पाऊस मोजत नाही, तो ढगाच्या माथ्याचं तापमान किंवा ढगातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतो. त्यावरून खाली किती मिलिमीटर पडला, हे ठरवायला जमिनीवरच्या पर्जन्यमापकाचीच मदत घ्यावी लागते. म्हणजे जिथे मापक नाही म्हणून आपण आकाशात गेलो, तिथे आकाश पुन्हा मापकच मागतं. याला अगदी अन्योन्याश्रय म्हणता येणार नाही, पण त्याचा जवळचा नातेवाईक आहे. शिवाय दोन आकडेसंच एकमेकांशी जुळले म्हणून हुरळून जाऊ नये. दोघांनीही त्याच चार केंद्रांचे आकडे घेतलेले असू शकतात. एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट दोघांनी सांगितली, तर साक्षीदार दोन होत नाहीत.

नदी स्वतः साक्ष देते, हे खरं. किन्शासाजवळ काँगोच्या पाण्याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. पण नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. उत्तरेकडचा पावसाळा आणि दक्षिणेकडचा पावसाळा वेगवेगळ्या महिन्यांत येतो, म्हणून तिचा प्रवाह फारसा चढउतार न होता वाहतो. उत्तरेत घट आणि दक्षिणेत वाढ झाली, तर किन्शासाचा आकडा शांतच राहील. बेरजेवरून बेरजेतल्या संख्या ओळखता येत नाहीत.

आता खोऱ्याच्या पूर्व कडेला जाऊ, किवू सरोवरापाशी. याचं पाणी रुझिझीतून टांगानिकात आणि तिथून काँगोत जातं. मे 2023 च्या सुरुवातीला इथे अतिवृष्टी झाली. आधी रवांडात शंभरहून अधिक माणसं गेली, मग पश्चिम काठावर काँगोच्या कालेहे भागात चिखल आणि दगडांचे लोंढे गावांवर आले. तिथे चारशेहून अधिक माणसं मेली. अशा घटनांत हवामानबदलाचा वाटा किती, हे तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटानं हा पाऊस अभ्यासायला घेतला. निष्कर्ष असा आला की पुरेशा नोंदी नाहीत, त्यामुळे वाटा ठरवता येत नाही.

हे प्रामाणिक उत्तर आहे. ‘वाटा नाही’ असं ते म्हणालेले नाहीत. पण ‘ठरवता येत नाही’ हे वाक्य चार हात फिरलं की ‘सिद्ध झालं नाही’ होतं, आणि आणखी दोन हात फिरलं की ‘तसं काही नव्हतं’. योग्यतेची अट वाटेत गळून पडते. उलट बाजूचा उतावीळपणाही मला मान्य नाही. उतारावरची वस्ती, तोडलेलं जंगल, युद्धामुळे विस्थापित झालेली माणसं ही सगळी कारणं तिथे आहेतच, आणि सगळा दोष तापलेल्या हवेवर टाकणाऱ्यालाही पुरावा द्यावाच लागेल.

नोंदी का नाहीत, हेही विचारा. रवांडात 1994 च्या नरसंहारात मापन केंद्रांचं जाळं कोसळलं. पुढची जवळपास दीड दशकं नोंदीत मोठी पोकळी आहे. तिथे आकडा नाही, कारण आकडा लिहिणारा माणूस राहिला नाही किंवा पळून गेला. ही पोकळी सरासरीनं भरताना संशोधकाचा हात क्षणभर तरी थांबायला हवा, असं मला वाटतं. आणि त्याआधी केंद्रं होती ती कुठे? काँगोत मुख्यतः मळे, मिशन, बंदरं आणि रेल्वे यांच्या आसपास. यांगांबीचं प्रसिद्ध संशोधन केंद्र वसाहतीच्या शेतीसाठी उभं राहिलं. तिथल्या लोकांनी 1937 पासून वीसएक वर्षं झाडांचा फुलोरा, फळं, पानगळ हातानं वह्यांत टिपली. अलीकडे स्वयंसेवकांनी त्या वह्या इंटरनेटवर वाचून आकड्यांत उतरवल्या. पावसाचं मोजमाप नसलेल्या वर्षांना झाडांकडून प्रश्न विचारण्याचा हा मार्ग मला फार आवडला.

चांगलं उदाहरणही सांगतो. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालात अतिवृष्टीच्या बदलाची एक आकृती आहे. तिच्यात जगाचे 45 प्रदेश आहेत. ‘वाढ झाली’, ‘पुराव्यांत एकमत नाही’ आणि ‘माहितीच अपुरी’ यांना तिथे वेगवेगळ्या खुणा दिल्या आहेत. माहिती अपुरी असलेले प्रदेश 18 निघाले, मध्य आफ्रिका त्यातच. संशय आणि अज्ञान यांतला भेद एवढ्या स्पष्टपणे रंगवलेला मी तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतही कमी पाहिला आहे.

आता मुद्दा पुराव्याच्या भाराचा. आपल्याकडे महसूल मंडळातल्या मापकात 24 तासांत 65 मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी धरली जाते. ‘माझ्या शिवारात आभाळ फाटलं, पण मापक पलीकडच्या गावात,’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. तिथे भांडायला निदान मापक तरी आहे. हवामानबदलाच्या नुकसानीसाठी जो आंतरराष्ट्रीय निधी ठेवायचं 2022 मध्ये शर्म अल-शेखला ठरलं, त्याच्या दारात उद्या कालेहेची बाई उभी राहिली आणि तिच्याकडे पर्जन्यमापकाचा कागद मागितला, तर? खोलीत दिवा लावणं कुणाचं काम होतं, हे न विचारता घट दाखवण्याचं काम तिच्यावर टाकलेलं असेल. दिवा लावायला खर्च येतो आणि तो करू शकणारे कोण आहेत, हेही आपल्याला माहीत आहे.

वेळ झाली आहे. मीमांसकांवर आक्षेप असणारे समोर बसलेले दिसताहेत, त्यांच्यापासूनच प्रश्न घेऊ.