पोवाड्यातले शहर आणि बंद दालन

उल्हासनगरला हे नाव १९४९ साली मिळाले. त्याआधी तिथे कल्याणची लष्करी छावणी होती. तरी अंबरनाथ-बदलापूरकडून येणारा माणूस रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतो. दप्तरातले नाव आणि जिभेवरचे नाव यांतले हे अंतर लक्षात ठेवून अण्णा भाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ पुन्हा वाचायला हवा.

स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली. पोवाडा त्याच काळातला. १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टालिनचे शव लेनिनच्या समाधीतून हलवले गेले आणि शहराचे नाव वोल्गोग्राड झाले. एकपक्षीय राज्यात असे निर्णय पक्षाच्या शिखर समितीच्या संमतीवाचून होत नसत. तिचे स्वतःचे ‘पॉलिटब्यूरो’ हे नावही १९५२ ते १९६६ या काळात ‘प्रेसिडियम’ असे झाले होते.

या पोवाड्याकडे पाहण्याच्या दोन सोप्या नजरा आहेत: एक भक्तीची, दुसरी चेष्टेची. दोन्ही नजरा शहर आणि समिती एकच मानतात. वास्तविक पोवाडा परंपरेने वीराचा असतो. इथे मथळ्यात वीराच्या जागी शहर आले, हे अण्णा भाऊंचे मोठे पाऊल. अडचण एवढीच, की शहराच्या नावातच नेता बसलेला आहे.

शाहीर डफ घेऊन उघड्यावर उभा राहतो. त्याचा शब्द सर्वांच्या कानी पडतो, आणि न पटल्यास श्रोता उठून जाऊ शकतो. पॉलिटब्यूरोचे दार बंद असे. ५ मार्च १९४० रोजी तिने केलेल्या ठरावानुसार सुमारे २२ हजार पोलिश कैदी ठार मारले गेले. ही जबाबदारी मॉस्कोने १९९० पर्यंत नाकारली. शाहिराने १९४३ मध्ये त्या दालनाचा जाब विचारला नाही, हा त्याचा गुन्हा ठरत नाही. आज सारे ठाऊक असताना समीक्षकाने गप्प राहणे मात्र दोषास्पद आहे.

म्हणून नव्या आवृत्तीत मथळा बदलू नये. स्टालिनग्राड हे नाव तसेच ठेवावे आणि तळटीपेत १९४० चा ठराव नोंदवावा. पोवाडा लढणाऱ्यांचा आहे. त्यांच्या शौर्याचे श्रेय बंद दालनाला देऊ नये, आणि दालनाचे पाप त्यांच्या माथी मारू नये.