सोंगाड्या आणि अभिरुचीचा प्रश्न

एखादी कलाकृती वाईट आहे हे कोण ठरवते, हा प्रश्न दलित साहित्याला नवा नाही. आमची भाषा शिवराळ, रचना ओबडधोबड, अनुभव किळसवाणा, असे निकाल पांढरपेशा समीक्षेने कधीच देऊन टाकले होते. त्याच काळात, त्याच खुर्चीवरून आणखी एका माणसाचा निकाल लावला गेला. तो माणूस म्हणजे दादा कोंडके. अर्धी चड्डी, लोंबती नाडी, द्व्यर्थी संवाद. महाराष्ट्राची अभिरुची बिघडवणारा माणूस, अशी त्यांची ओळख सुशिक्षितांनी करून ठेवली. हा निकाल आपण जसाच्या तसा उचलायचा काय? आणि नाकारायचा तर कशाच्या बळावर?

दादांचा जन्म 1932 सालचा, मुंबईच्या गिरणगावातला. घर कामगाराचे. बँड, सेवादलाचे कलापथक, मग वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हा त्यांचा प्रवास. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त (1969) ते पडद्यावर आले आणि 1971 साली त्यांनी स्वतःचा 'सोंगाड्या' काढला. पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' असे चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालले. खेड्यापाड्यांतल्या तंबूंतही गर्दी झाली. 1998 साली ते गेले तेव्हा समीक्षकांची नाराजी होती तशीच होती आणि लोकांचे प्रेमही तसेच होते.

अमेरिकेत एड वुड नावाचा दिग्दर्शक होऊन गेला. पुठ्ठ्याच्या सामानावर त्याने चित्रपट काढले, 1978 साली दारिद्र्यात मेला आणि दोन वर्षांनी एका पुस्तकाने त्याला सर्वकाळचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवले. मग तोच वुड शिकलेल्यांच्या कौतुकाचा विषय झाला. पण ते कौतुक कसले? पोट भरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या फजितीला दिलेली ती टाळी होती. कोंडक्यांच्या प्रेक्षकाचे हसणे या जातीचे नव्हते. हमाल, गिरणी कामगार, शेतमजूर त्यांना हसत नव्हता, त्यांच्याबरोबर हसत होता. पडद्यावरचा बावळट नाम्या त्याला आपल्यातला वाटत होता. म्हणून 'वाईट' हा शब्द येथे चित्रपटापुरता राहत नाही, तो प्रेक्षकाच्या अंगावर येतो. माणसाला कमी लेखायचे असले की त्याच्या आवडीला कमी लेखणे सोयीचे पडते. हा निकाल आपण नाकारला पाहिजे, तो यासाठी.

पण तेवढ्याने आपले काम संपत नाही. सोंगाड्या आला कोठून? तमाशाच्या फडातून. तो फड महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी आपल्या घामावर उभा केला. राजाची, पाटलाची, कोतवालाची भर चावडीत टर उडवण्याचा अधिकार सोंगाड्याला होता. मात्र खेळ संपला की त्याला गावकुसाबाहेरच जावे लागे. आंबेडकरी जलशाने हाच साचा घेतला आणि भीमराव कर्डकांसारख्यांनी त्यातून माणुसकीचा प्रश्न गावोगाव नेला. म्हणजे एकाच मुळाला दोन फांद्या फुटल्या. जलशात हसणारा माणूस विचार घेऊन घरी जाई. कोंडक्यांच्या चित्रपटात हसणारा माणूस हलका होऊन घरी जाई.

1972 साली 'एकटा जीव सदाशिव' आला आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. दोघांच्याही मागे कष्टकऱ्यांची मुंबई, दोघांवरही अश्लीलतेचा शिक्का. पण 'गोलपिठा'तला शिवराळ शब्द व्यवस्थेचे वस्त्र फेडतो. कोंडक्यांचा द्व्यर्थी शब्द बहुतेक वेळा बाईचे वस्त्र फेडतो. ज्या फडातली नाची पिढ्यान्पिढ्या पाटलाच्या नजरेखाली नाचली, तिच्याच देहावर पुन्हा विनोद बेतायचा, हा विद्रोह नव्हे. 'दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात असतो' हा बचाव चतुर आहे, पण त्या बाईच्या मनात काय होते, हे त्यात कोणी विचारलेले नाही.

आणि गाव? 1978 साली 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' आला. त्याच वर्षी 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या भागात दलित वस्त्या पेटल्या. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. कोंडक्यांच्या गावात पाटील आहे, हवालदार आहे, 'आये' आहे. गावकुसाबाहेरची वस्ती मात्र आपला प्रश्न घेऊन त्या गावात शिरू शकलेली नाही. चित्रपटाने दंगल दाखवावी असा हट्ट येथे नाही. पण वरच्याला गुदगुल्या करणारा विनोद खालच्याला जाळणाऱ्या गावाबद्दल गप्प राहतो, ही त्याची मर्यादा नोंदलीच पाहिजे. ज्या शिवसेनेने 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळवून दिली, तिच्या सभांतून दादांचा विनोद पुढे गाजला. 1974 साली वरळीत पँथर आणि शिवसेना समोरासमोर उभ्या होत्या, हे आठवले म्हणजे हसणेही पक्ष घेते हे कळते.

आज अर्धापूरचा विद्यार्थी हेच प्रसंग मोबाइलवर पाहतो आणि हसतो. त्याला हसू नकोस म्हणणारे आम्ही कोण? मात्र दोन प्रश्न त्याच्या हाती द्यायला हवेत. तुझ्या आवडीला हलके ठरवणारा कोण आहे? आणि तू हसतोस तेव्हा मार कोणाला बसतो? पहिला प्रश्न विचारला नाही तर आपण प्रस्थापितांच्या अभिरुचीचे गुलाम होऊ. दुसरा विचारला नाही तर आपल्याच आयाबहिणींचे अपराधी होऊ. आपले सौंदर्यशास्त्र या दोन्ही प्रश्नांना सामोरे गेले तरच ते आपले.