अर्धी भरलेली घागर

लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की मुरुड लागतं. इथल्या मराठी माध्यमाच्या मुलांचे दहावीच्या इंग्रजीचे सराव पेपर मी दरवर्षी तपासते. 80 गुणांच्या त्या पेपरात व्याकरण, उतारे बहुतेकांना जमतात. लेखनाचा प्रश्न आला की पानभर ‘नाइस’, ‘गुड’ आणि ‘व्हेरी’ दिसू लागतात. सहल नाइस, आई नाइस, पाऊसही नाइस. अशाच एका गठ्ठ्यात मला चार वाक्यं सापडली. ती ज्या मुलीची आहेत तिला विचारूनच त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

विषय होता आठवणीतला दिवस. तिने 2016 चा उन्हाळा घेतला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. ही मुलगी तेव्हा सहा वर्षांची, लातूरला आजीकडे होती आणि तिच्याबरोबर टँकरच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहिली होती. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं: रांग ‘व्हेरी बिग’, आजी ‘व्हेरी सॅड’, पाणी ‘व्हेरी नाइस’. विशेषणं बदलून आण, म्हटलं. दुसऱ्या दिवशी रांग ‘एनॉर्मस’ झाली, आजी ‘मेलन्कॉली’ आणि टँकरचं पाणी ‘एक्झक्विझिट’. शब्द भारी होते, पण त्यांत ना आजी होती ना पाणी.

समानार्थी शब्दांची यादी पाठ केली की असं होतं. खरं तर कुठल्या शब्दाला कुठलं विशेषण शोभतं, हे आपल्या मुलांना कुणी शिकवायची गरज नाही. मुरुडचं पहिलीतलं पोरही लालकुट्ट किंवा काळाभडक म्हणणार नाही. लाल ते भडक, काळं ते कुट्ट, हिरवं गार, पिवळं धमक, पांढरं शुभ्र. कुठलं विशेषण कुणाच्या घरी नांदतं, हे त्याच्या कानाला ठाऊक असतं. इंग्रजीतही असेच संसार आहेत. पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. ‘हेवी विंड’ म्हटलं की इंग्रजी कानाला लालकुट्टसारखं खुपतं. आपला कडक चहा तिकडे ‘स्ट्राँग टी’ होतो. मी तिला एवढंच सांगितलं की यादी मिटव, डोळे मिट आणि त्या रांगेत परत उभी राहा.

मग ही चार वाक्यं आली: ‘वी स्टूड इन अ लाँग, पेशंट लाइन. माय ग्रँडमदर हॅड टू बिग ओल्ड ब्रास पॉट्स. द वॉटर फ्रॉम द टँकर वॉज वॉर्म. वन पॉट वेंट होम हाफ-फुल.’

पहिल्या वाक्यातलं ‘पेशंट’ बघा. वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा एकाने विचारलं, रांगेतले सगळे आजारी होते का? आपल्याकडे पेशंट म्हणजे दवाखान्यातला, तेव्हा त्याचं चुकलं नाही. इथे त्याचा अर्थ धीर धरलेला. पण धीर माणसांनी धरला होता, रांगेने नव्हे. माणसांचं विशेषण रांगेला लावलं की अख्खी रांग एकाच देहासारखी उभी राहते. इंग्रजीत याला ‘ट्रान्सफर्ड एपिथेट’ म्हणतात. मुलीला हे नाव माहीत नव्हतं. तिला ती रांग आठवत होती.

दुसऱ्या वाक्यात संख्येनंतर तीन विशेषणं ओळीने आली आहेत, तरी कुठे अडखळायला होत नाही. हेच मराठीत म्हणून पाहा: दोन मोठ्या जुन्या पितळी घागरी. आधी संख्या, मग आकार, मग वय, शेवटी धातू. हा क्रम उलटा करून ‘पितळी जुन्या मोठ्या दोन घागरी’ म्हटलं की जीभ अडते. इंग्रजीचा क्रमही इथे हाच. टोल्किन या इंग्रज लेखकाने लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिली, तेव्हा ‘ग्रीन ग्रेट’ नाही, ‘ग्रेट ग्रीन’ म्हणायचं, असं आईने त्याला सांगितलं होतं. तसं का, हे आपल्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही, असं त्या भाषापंडिताने लिहून ठेवलं आहे. आमच्या मुलीला तो क्रम आजीच्या बोलण्यातून मिळालेला होता. आणि ‘ओल्ड’ हा शब्द घागरीला लावला असला तरी आजीच्या वयापर्यंत पोचतो.

मला सगळ्यात आवडतं ते तिसरं वाक्य. एक विशेषण, तेही पहिली-दुसरीतलं: ‘वॉर्म’. कोमट. एप्रिलच्या लातूरच्या उन्हात लोखंडी टँकरमधून आलेलं पाणी दुसरं कसं असणार? ‘हॉट’ म्हटलं असतं तर अतिशयोक्ती झाली असती, ‘कोल्ड’ तर धडधडीत खोटं. वर्गातली बाकीची मुलं पाणी महत्त्वाचं, मौल्यवान, जीवन वगैरे लिहीत होती. हिने त्यात हात घातला होता.

आणि शेवटची ती ‘हाफ-फुल’ घागर. रडारड नाही, दुष्काळाला ‘टेरिबल’ म्हणणं नाही. घागर अर्धी भरलेली घरी गेली. पाणी पुरलं नाही, रांग संपायच्या आत टँकर रिकामा झाला, आजीने ओझं एका कडेवर घेतलं असेल, हे सगळं वाचणारा आपल्या मनाने भरून घेतो.

पाचवं वाक्यही होतं: ‘इट वॉज अन अनफर्गेटेबल डे.’ अविस्मरणीय दिवस. हे प्रत्येक वहीत असतं आणि कुठल्याही दिवसाला चालतं, लग्नाला आणि सहलीलाही. घागर घरी गेली तिथेच परिच्छेद संपला होता. ते वाक्य मी लाल शाईने खोडलं आणि पाचपैकी साडेचार गुण दिले.