चंद्र खरा, रात्र खोटी

चंद्राचे एक जगप्रसिद्ध छायाचित्र वर्गात दाखवावे आणि विचारावे, "हे किती वाजता घेतले असेल?" बहुतेक मुले 'रात्री' असेच उत्तर देतील. वर काळेभोर आकाश आणि त्यात लहानसा चंद्र, मध्ये ढगांचा पट्टा व बर्फाचे डोंगर, खाली रुक्ष माळावरचे एक खेडे, चर्च आणि दफनभूमीतले चमकणारे क्रूस. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराचे 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' ते हेच.

पण चाणाक्ष विद्यार्थी उलटा प्रश्न करील. चंद्र तर क्रूसांच्या मागे आहे; मग त्यांची आपल्याकडची बाजू उजळली कशी? उजेड कॅमेऱ्याच्या मागून, पश्चिमेकडून आला आहे. हे मावळतीचे ऊन आहे. अ‍ॅडम्स तारखांबाबत निष्काळजी होते. या चित्राची साले त्यांनी वेगवेगळी सांगितली. शेवटी चित्रातल्या चंद्राची जागा मोजूनच वेळ काढावी लागली. डेव्हिड एल्मोर यांनी आधी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली होती. १९९१ साली डेनिस डी सिको यांनी ती सुधारली : १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे.

त्या संध्याकाळी अ‍ॅडम्सना प्रकाशमापक सापडेना आणि ऊन तर क्रूसांवरून सरकत होते. त्यांना एक आकडा पाठ होता : चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला सुमारे २५० कॅन्डल. ती त्यांनी आपल्या झोन पद्धतीतील सातव्या पायरीवर ठेवली. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. म्हणजे मधल्या, पाचव्या पायरीवर २५० चा चौथा भाग, सुमारे ६० येतो. ६४ एएसए फिल्मला यासाठी एफ/८ वर १/६० सेकंद लागतो. पिवळ्या फिल्टरमुळे तो तिप्पट, म्हणजे १/२० झाला आणि एफ/३२ वर त्याच्या १६ पट, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. दुसऱ्या निगेटिव्हची तयारी होईपर्यंत ऊन गेले होते.

पाठ केलेला आकडा उपयोगी पडला, कारण चंद्र हेही एक खडकाळ वाळवंटच आहे. सूर्यापासून त्याचे अंतर पृथ्वीइतकेच असल्याने त्याच्या खडकांवर आपल्या भर दुपारसारखे ऊन पडते. इथे संध्याकाळ झाली म्हणून तिथले ऊन मंदावत नाही.

मात्र चंद्राला न्याय देताना माळावर अन्याय झाला. पुढची झुडपे सावलीत होती. त्यांना उजेड मिळत होता तो फक्त निळ्या आकाशाचा, आणि पिवळा फिल्टर निळा प्रकाशच अडवतो. निगेटिव्हचा तो भाग अगदी फिका उतरणार, हे ओळखून अ‍ॅडम्सनी ते आळीपाळीने सौम्य डेव्हलपरमध्ये आणि स्थिर पाण्यात ठेवले. पाण्यात असताना उजळ भागांतील डेव्हलपर लवकर संपून जातो, सावल्यांतला मात्र काम करीत राहतो. तरीही पुढचा भाग दुबळाच राहिला. १९४८ साली त्यांनी निगेटिव्हचा तेवढाच खालचा भाग चांदी वाढवणाऱ्या रसायनात बुडवला.

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. हे रसायन असलेल्या चांदीवरच चांदी चढवते. जिथे कण नाही तिथे झुडूप उगवत नाही. फिल्मने कुजबुजत सांगितलेले यामुळे स्पष्ट ऐकू आले, एवढेच.

आकाशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९४० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे आणि त्यात वरच्या ढगांच्या पुसट रेषा दिसतात. पुढे अ‍ॅडम्स प्रिंट करताना वरच्या भागाला अधिकाधिक प्रकाश देत गेले. १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये ते आकाश जवळजवळ काळे होते. निगेटिव्हवर असलेले ढग कागदावरून नाहीसे झाले. आपल्याला परिचित आहे ते हेच रूप.

निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट हा तिचा प्रयोग, अशी अ‍ॅडम्सची भूमिका होती. ते पियानो शिकलेले होते. तुलना त्यांना शोभते. गायकही एकच बंदिश दर मैफलीत निराळी मांडतो. परंतु संध्याकाळचा राग मध्यरात्रीचा म्हणून ऐकवला, तर जाणकार कुरकुर करणारच. काळ्या आकाशाने चित्र नाट्यमय झाले हे खरे, पण चित्राचा खरा विषय हरवला. चंद्र उगवलेला आणि सूर्य अजून मावळायचा, दोन्ही प्रकाश एकाच वेळी हजर असण्याचे ते मोजके क्षण होते. जुन्या प्रिंटमध्ये ते क्षण आहेत. म्हणून कमी नाट्यमय असली तरी मला तीच श्रेष्ठ वाटते.

आज सावल्या उजळणे किंवा आकाश काळे करणे संगणकावर किंवा फोनवर बोटाचे काम झाले आहे. विद्यार्थ्यांना ते जरूर करू द्यावे. फक्त दर वेळी एक प्रश्न विचारावा : नोंदलेले होते ते तू दाखवलेस, की झाकलेस?