परळची सेवा आणि तिचा रोजचा खर्च

परोपकारी संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा उद्घाटनांचा इतिहास असतो. देणगी कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, हे स्मरणिकांत सापडते. दहा वर्षांनी रात्रशाळेच्या दिव्याचा खर्च कोण करत होते, हे सापडत नाही. गिरणगावातील वस्तीसुधारणेची समीक्षा या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांनी 1911मध्ये सहकाऱ्यांसह सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतसंस्था अशी तिची कामे कामगारवस्तीत पोचली. मात्र त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाची मर्यादा ठेवली होती दिवसाला बारा तास. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस किती दिवस पाटी घेऊन बसेल? पाटी देणगीतून येई. संध्याकाळ देणगीतून येत नव्हती.

जोशींची पुढची वाटचाल या संदर्भात वाचावी. 1920मध्ये आयटक, 1926मध्ये बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन, आणि मधल्या काळात कायदेमंडळात कामगारांची बाजू. 1922च्या कायद्याने आठवडा साठ तासांवर आला. चरित्रलेखनात याला सेवेचा विस्तार मानण्याची रीत आहे. मला ही सेवेच्या संस्थापकानेच केलेली सेवेची समीक्षा वाटते: वेतन आणि वेळ हाती आल्याखेरीज दिलेली सोय टिकत नाही.

परळचा दामोदर हॉलही 1922चाच. तिथे कामगार रंगभूमी फुलली, कारण गिरणीत राबणारी माणसेच नाटक बसवत आणि पदरमोड करून पाहतही. वास्तू दात्याची, पण तिचा श्वास पगारावर चालत होता. 18 जानेवारी 1982च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगार थांबला, पुढे गिरण्याच गेल्या. प्रेक्षक डोंबिवली-विरारकडे पांगला. 2023मध्ये हॉल पुनर्बांधणीसाठी बंद झाला तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठवला, तो रास्तच होता. मात्र प्रेक्षक पांगले तेव्हा असा आवाज उठला नव्हता.

लीग शंभरी ओलांडूनही उभी आहे, हे तिचे श्रेय नाकारू नये. पण संस्था टिकणे आणि सुधारणा टिकणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीला निधी पुरतो. दुसरीला वापरणाऱ्याची मिळकत आणि कारभारात त्याचा शब्द लागतो.

डिलाईल रोडला आज जोशींचे नाव आहे. त्याच रस्त्यावरच्या सरकारी बीडीडी चाळींच्या जागी मनोरे येत आहेत. घर मोफत मिळेल. लिफ्ट, पंप, रखवालदार यांचे बिल दरमहा येईल. ते भरण्याइतकी मिळकत या रहिवाशांना कोणत्या कामातून मिळणार, हे कोणत्याही कोनशिलेवर लिहिलेले नसेल.